निकालावर पगार : बळी कोणाच्या मुलांचा?

शिक्षकांचा पगार त्यांच्या कामगिरीवर ठरला पाहिजे, ही मागणी आता केवळ शहरी मध्यमवर्गापुरती राहिलेली नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीत, विरार लोकलच्या डब्यात, आपल्या विहारातील बैठकीतसुद्धा ती ऐकू येते. "गुरुजींना साठ-सत्तर हजार मिळतात आणि पाचवीतल्या पोराला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. निकाल दाखवा आणि पगार घ्या, असा कायदा करा," असे आपलेच बांधव सांगतात. या रागाला वेडगळ म्हणून झटकून टाकता येणार नाही. गिरण्या बंद पडल्यावर मुंबई सोडून वसई-विरारला आलेल्या आपल्या कुटुंबांनी चार घरची धुणीभांडी करून, रिक्षा चालवून मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या आहेत. सरकारी शाळेवरचा विश्वास उडाला म्हणूनच त्यांनी हा भुर्दंड सोसला. तेव्हा राग खरा आहे आणि त्याला कारणही आहे.

प्रश्न असा आहे की, रागाच्या भरात जे औषध मागितले जात आहे ते रोगावरचे आहे काय? निकालावर पगार ठरवला तर फटका कोणत्या शिक्षकाला बसेल, आणि त्या शिक्षकाच्या वर्गात मुले कोणाची असतील? चळवळीने या प्रश्नाचे उत्तर आजच शोधले पाहिजे. कारण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांची बढती आणि वेतनवाढ केवळ सेवाज्येष्ठतेवर न देता कामगिरीच्या मूल्यमापनावर द्यावी, अशी दिशा आखून दिली आहे. धोरणातले वाक्य उद्या शासन निर्णय होऊन येते. आणि महाराष्ट्रात ते एकदा येऊनही गेले आहे.

२३ ऑक्टोबर २०१७ रोजी शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. विषय होता शिक्षकांच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि निवड श्रेणीचा. शिक्षकाला बढतीच्या जागा फार थोड्या असतात. आयुष्यभर एकाच पदावर कुजत पडू नये म्हणून चट्टोपाध्याय आयोगाच्या शिफारशींतून ही सोय आली. १२ वर्षे सेवा झाल्यावर वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतर, तीही वरिष्ठ श्रेणीतील २० टक्के पदांपुरतीच, निवड श्रेणी. म्हणजे ही काही खैरात नव्हती, बढती न मिळण्याची ती भरपाई होती. २०१७ च्या निर्णयाने तिला नवी अट जोडली. प्राथमिक शाळा 'प्रगत' ठरलेली असावी आणि शाळासिद्धीत 'अ' श्रेणीत असावी. माध्यमिक शाळेचा नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर असावा आणि तिलाही 'अ' श्रेणी असावी. असे असेल तरच तिथल्या शिक्षकाला श्रेणी मिळणार.

वरवर पाहता यात गैर काय, असे कोणालाही वाटेल. पण शाळासिद्धी म्हणजे काय, ते पाहा. ती शाळेच्या मूल्यमापनाची राष्ट्रीय चौकट आहे. तिच्यात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. त्यातले पहिलेच क्षेत्र शाळेच्या साधनसंपत्तीचे : वर्गखोल्या, मैदान, ग्रंथालय, प्रयोगशाळा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह. आता मला सांगा, शाळेला संरक्षक भिंत नाही, नळाला पाणी नाही, स्वच्छतागृहाचे दार मोडलेले आहे, यात सहावीच्या वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षिकेचा दोष कोणता? भिंत बांधायची जिल्हा परिषदेने, निधी द्यायचा शासनाने, आणि भिंत नाही म्हणून वेतनश्रेणी अडवायची बाईंची! ज्याच्या हातात काही नाही त्याला जबाबदार धरायचे आणि ज्याच्या हातात सर्व काही आहे त्याने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायचे, ही रीत या देशाला नवीन नाही. आपल्या समाजाने ती हजारो वर्षे भोगली आहे.

राज्यभर शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि २०१९ मध्ये ही अट मागे घेण्यात आली. अट गेली म्हणून विषय संपला, असे मात्र समजू नये. ती अट का चुकीची होती याची चर्चा समाजात झालीच नाही. संघटनांनी आपला फायदा-तोटा पाहिला, वर्तमानपत्रांनी शिक्षकांना नावे ठेवली, आणि ज्या मुलांच्या नावाने हे सर्व चालले होते ती मुले चर्चेत आलीच नाहीत.

त्या मुलांकडे वळू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आठ तालुके : वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा. एका टोकाला समुद्र, रेल्वे आणि वसई-विरारचे टोलेजंग संकुल, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर या आदिवासी समाजांचा हा मुलूख. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. चार नगरपालिका आणि पन्नासच्या वर गावे तिच्यात आली. पण हद्दीतल्या मराठी प्राथमिक शाळा त्यानंतरही वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेच्याच ताब्यात राहिल्या. घरपट्टी महापालिकेला, शाळा जिल्हा परिषदेची, आणि मुलांचे मायबाप कोणीच नाही, असा हा कारभार.

या एकाच वसई तालुक्यातल्या दोन शाळा नजरेसमोर आणा. आकडे मी उदाहरणादाखल घेतो. पहिली शाळा वसई रोड स्थानकाजवळची. वर्गात ४० मुले. आईवडील शिकलेले, संध्याकाळी शिकवणी. वर्ष सुरू होताना ३४ मुलांना इयत्तेप्रमाणे वाचता येते, वर्ष संपताना ३६ मुलांना. निकाल ९० टक्के. दुसरी शाळा पूर्वेला, पारोळ-भाताणेच्या बाजूची. वर्गात ३० मुले, बहुतेक कातकरी आणि वारली. वर्ष सुरू होताना ६ मुलांना वाचता येते. शिक्षक जीव तोडून शिकवतात आणि वर्ष संपताना १८ मुले वाचू लागतात. निकाल ६० टक्के. पहिल्या वर्गात दोन मुले पुढे सरकली, दुसऱ्या वर्गात बारा. काम कोणी जास्त केले? पण ८० टक्क्यांची रेघ ओढणारा शासन निर्णय पहिल्याला श्रेणी देतो आणि दुसऱ्याला घरी बसवतो.

असा नियम पाच वर्षे चालला, तर शहाणा शिक्षक काय करील? तो पारोळहून बदली करून घेईल. ज्याचा वशिला आहे तो आधी जाईल, ज्याचा नाही तो शेवटी जाईल, पण जाईल. डोंगरातल्या शाळेवर उरतील ते रिक्त पदे आणि मानधनावरचे तरुण. पेसा क्षेत्रातील भरती न्यायालयीन वादात अडकली आणि २०२४ मध्ये उमेदवारांना तात्पुरते मानधनावर नेमण्याची पाळी शासनावर आली, हा अनुभव ताजा आहे. निकालावर पगार म्हणजे गरिबाच्या शाळेतून शिक्षक हाकलण्याचे यंत्र, असे मी म्हणतो ते यासाठी.

आणि वीटभट्टीवरच्या मुलाचे काय? दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा भागातली कुटुंबे उचल घेऊन वसई, भिवंडीकडच्या भट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर नाव असते, मूल मात्र विटांच्या रांगेत असते. १९९० च्या दशकात उसगावच्या विधायक संसदेने भट्ट्यांवर 'भोंगा शाळा' चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराचे झोपडे. मूल शाळेपर्यंत येत नाही तर शाळा झोपड्यापर्यंत न्यावी, हा साधा विचार त्यामागे होता. पुढे शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आणले. पण निकालावर पगार ठरला तर हे मूल कोणाच्या खात्यात धरणार? गावच्या शिक्षकाच्या खात्यात धरले तर तो म्हणेल, सहा महिने ते माझ्याकडे नव्हतेच. भट्टीजवळच्या शाळेने दाखल करून घेतले तर तिचा निकाल खाली येणार. मग दोघेही काय करतील? दोघेही त्याचे नाव टाळतील. शाळेच्या दारात आलेल्या कातकरी पोराला "उद्या ये" म्हणून परत पाठवणे हा पगार वाचवण्याचा मार्ग ठरेल. जातीच्या नावाने दार लावणे कायद्याने बंद झाले, ते निकालाच्या नावाने पुन्हा उघड्यावर येईल.

हे मी केवळ तर्काने सांगत नाही. हा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाशी बांधण्यात आले. साहेब येऊन एकेका मुलाचे वाचन, लेखन, गणित तपासत असे आणि नापास मुलामागे पैसे कापले जात. परिणाम काय झाला? मुलांनी वाचनाचे पुस्तक तोंडपाठ केले. परीक्षेत नसलेला विषय शाळेतून गेला. स्वतः शाळा तपासनीस असलेले मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या यांत्रिकपणावर सातत्याने टीका केली. शेवटी १८९० च्या दशकात इंग्लंडला ही पद्धत सोडून द्यावी लागली.

तीच पद्धत इंग्रजांनी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात आणली. खासगी शाळांना अनुदान निकालाप्रमाणे मिळू लागले. १८८२ साली हंटर आयोग आला. विद्वानांनी निवेदने दिली. त्यात एक निवेदन महात्मा जोतीराव फुले यांचे होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवणारे जोतीराव स्वतःच्या अनुभवावर बोलत होते. त्यांनी आयोगाला स्पष्ट सांगितले की, गरीब आणि अज्ञानात ठेवलेल्या लोकांमध्ये विद्येचा प्रसार करायला निकालावर पैसे देण्याची पद्धत मुळीच उपयोगाची नाही. कारण या लोकांत शिक्षणाची गोडी अजून निर्माण झालेली नाही, आणि त्यांच्यात स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही. ती गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन यांना पर्याय नाही. जे २०१७ साली मंत्रालयाला कळले नाही ते १८८२ साली जोतीरावांना कळले होते!

पण चळवळीच्या वाचकांनी त्याच निवेदनाचा दुसरा भागही वाचला पाहिजे. आपण अर्धेच फुले सांगू लागलो, तर प्रस्थापितांत आणि आपल्यात फरक काय राहिला? त्याच निवेदनात जोतीरावांनी खेड्यातल्या शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो १५ किंवा २० रुपये असावा, असे म्हटले. आणि त्यापुढे असेही म्हटले की, जे शिक्षक जास्त मुले पास करतील त्यांना पगाराव्यतिरिक्त काही खास भत्ता उत्तेजन म्हणून द्यावा. म्हणजे जोतीराव कामगिरीला बक्षीस देण्याच्या विरोधात नव्हते. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पोटापुरता, मानाचा, पक्का पगार, त्यावर उत्तेजन. पगारच निकालाला टांगून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. मला वाटते, या प्रश्नावर आंबेडकरी चळवळीची भूमिका याच क्रमावर उभी राहिली पाहिजे.

बाबासाहेबांनी मोजमापाची दुसरी बाजू दाखवली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. बाबासाहेब पास झालेल्यांची टक्केवारी विचारत नव्हते. वाटेत गळालेली मुले कुठे गेली, हे ते विचारत होते. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात. जे मूल परीक्षेपर्यंत आलेच नाही ते भागाकारातही नसते आणि गुणाकारातही नसते. ज्या समाजाची मुले सर्वांत जास्त गळतात त्या समाजाने पास झालेल्यांच्या टक्केवारीवर टाळ्या वाजवू नयेत.

कोणी म्हणेल, हे जुने झाले, आता शास्त्रीय अभ्यास झाले आहेत. झाले आहेत, आणि ते नीट पाहू. आंध्र प्रदेशात २००५ पासून ग्रामीण सरकारी शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी तो अभ्यासला आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोनस मिळालेल्या शाळांतल्या मुलांचे गणित आणि भाषेतले गुण इतर शाळांपेक्षा चांगले वाढले. निकालावर पगार हवा म्हणणारे हाच दाखला देतात. पण प्रयोगाची रचना ते सांगत नाहीत. तिथे कोणाचा पगार कापला गेला नाही. बोनस होता वार्षिक पगाराच्या सुमारे ३ टक्के. तो निकालाच्या रेघेवर नव्हता, मुलांची सुरुवातीपासून किती प्रगती झाली त्यावर होता. आणि परीक्षा शाळेने घेतली नाही, बाहेरच्यांनी घेतली. म्हणजे जे सिद्ध झाले ते जोतीरावांचे "पगाराव्यतिरिक्त उत्तेजन". २०१७ च्या शासन निर्णयातली अट त्याने सिद्ध होत नाही.

उलट अनुभवही आहे. अमेरिकेत शाळा जिल्हावार चालतात. अटलांटा शहराच्या शाळांत बहुसंख्य मुले काळ्या समाजाची. तिथे गुण वाढले तर बोनस आणि नाही वाढले तर नोकरीवर टांगती तलवार, असा दबाव होता. २०११ च्या सरकारी चौकशीत १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावे आली. त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून बरोबर उत्तरे भरली होती. २०१५ मध्ये त्यांतील ११ जण न्यायालयात दोषी ठरले. ज्या मुलाला वाचता येत नव्हते त्याला कागदावर हुशार ठरवण्यात आले, त्यामुळे त्याला मदतही मिळाली नाही. फसवणूक कोणाची झाली? काळ्या मुलांची. आपल्याकडे दहावीच्या केंद्रांवर कॉप्यांचा पाऊस पडतो तो पगाराचा संबंध नसताना. उद्या गुरुजींची वेतनश्रेणीच त्या निकालावर अवलंबून राहिली तर कॉपी पुरवायला बाहेरच्या माणसाची गरजही उरणार नाही.

अमेरिकेतच डेन्व्हर शहराने २००५ मध्ये मतदान घेऊन शिक्षकांसाठी बोनसची योजना केली आणि तिच्यासाठी वेगळा कर लोकांनी मंजूर केला. तिच्यात गरीब वस्तीतल्या कठीण शाळांत शिकवणाऱ्यांना जादा रक्कम होती, ही तिची चांगली बाजू. पण बोनसांची गुंतागुंत एवढी वाढली की, पुढल्या वर्षी हातात किती पडेल हे शिक्षकालाच सांगता येईना. २०१९ मध्ये तिथल्या शिक्षकांना संप करावा लागला. आपला पगार कसा ठरतो हे ज्याला कळत नाही त्याला त्या पगाराने उत्तेजन कसे मिळणार?

आता एक प्रश्न जो या चर्चेत कोणी काढत नाही, तो मी काढतो. गुण कोण देणार? कायदा शिकलेला माणूस प्रथम हेच विचारतो. खासगी अनुदानित शाळेत शिक्षकाचा गोपनीय अहवाल मुख्याध्यापक आणि संस्था लिहितात. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत त्याची तरतूद आहे. संस्था कोणाच्या आहेत, हे महाराष्ट्राला सांगायला नको. राखीव जागेवर लागलेला बौद्ध, आदिवासी, भटका शिक्षक सुरुवातीपासूनच "कोट्यातला" म्हणून स्टाफरूममध्ये ओळखला जातो. वकिलीत असे कागद पाहायला मिळतात की, दहा वर्षे अहवाल चांगला आणि शिक्षकाने बिंदुनामावलीची माहिती मागितली की अकराव्या वर्षी तो एकाएकी "सर्वसाधारण". सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात २००८ मध्ये सांगितले की, सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे. निकाल आहे, पण शेरा मागायलाही हिंमत लागते. अशा हातांत शिक्षकाच्या पगाराची दोरी देणे म्हणजे आरक्षणाने मिळालेली भाकरी संस्थाचालकाच्या ताटात परत ठेवणे होय.

तेव्हा नुसता विरोध करून चालणार नाही. योजना आखायचीच असेल तर ती कशी असावी, हे चळवळीने सांगितले पाहिजे. मला पुढील गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली गोष्ट, मूळ वेतन, वार्षिक वेतनवाढ, वरिष्ठ आणि निवड श्रेणी यांना निकालाची अट लावता कामा नये. तो सेवेचा हक्क आहे. जो शिक्षक शाळेत येतच नाही, दारू पिऊन येतो, आपल्या जागी दुसऱ्यालाच पाठवतो, त्याच्यासाठी शिस्त आणि अपिलाचे नियम १९६४ पासून जिल्हा परिषदेच्या हातात आहेत. ते वापरा. कामचुकाराला शिक्षा करायची हिंमत नाही म्हणून सर्वांचाच पगार टांगून ठेवायचा, हा न्याय नव्हे.

दुसरी गोष्ट, कठीण जागेचा मोबदला द्या. हे तत्त्व महाराष्ट्राने आधीच मान्य केले आहे. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता देऊ केला, पण भत्त्याला १५०० रुपयांची मर्यादा घातली. ही मर्यादा आजच्या पगाराला शोभणारी नाही. आणि गरिबी काही अनुसूचित क्षेत्राची हद्द पाहून थांबत नाही. नालासोपारा पूर्वेच्या झोपडवस्तीतली शाळा, भट्टीच्या पट्ट्यातली शाळा यांनाही कठीण शाळेचा दर्जा मिळाला पाहिजे. शिक्षक पारोळला टिकावा असे वाटत असेल तर पारोळला टिकण्याचे पैसे द्या.

तिसरी गोष्ट, उत्तेजन द्यायचेच तर प्रगतीवर आणि संपूर्ण शाळेला द्या. मूल कुठे होते आणि कुठे आले ते मोजा. गळालेले प्रत्येक मूल हिशेबात धरा. स्थलांतरित मुलाला दाखल करून घेणाऱ्या आणि वर्षभर टिकवणाऱ्या शाळेला जास्त मान द्या, म्हणजे "उद्या ये" म्हणणारा स्वतःच त्याला शोधायला भट्टीवर जाईल. तपासणी बाहेरच्या माणसांनी करावी, कारणे लेखी द्यावीत आणि त्यावर अपील असावे.

चौथी गोष्ट, शिक्षकाला आधी शिकवू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. मतदार यादीसारखी कामे शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सांगितले. तरी शिक्षक मोबाइलवर माहिती भरत बसलेला दिसतो. वर्ग रिकामा ठेवायला लावणारे शासन निकालाचा जाब कोणत्या तोंडाने मागते?

पाचवी गोष्ट, रिक्त पदे आधी भरा. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ३००० रुपये मानधन होते. २०२३ मध्ये ते १६००० झाले. तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवलेल्या तरुणाकडून, किंवा विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवणाऱ्याकडून कामगिरीची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे. ज्याला पगारच नाही त्याच्या पगाराला कोणती कामगिरी जोडणार?

शिक्षक बांधवांनाही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या समाजातून आज असंख्य शिक्षक आहेत. त्यांच्या नोकऱ्या बाबासाहेबांच्या संघर्षातून मिळाल्या आहेत. संघटनेचा मोर्चा वेतनासाठी निघतो, तसा तो मोखाड्यातल्या रिक्त पदांसाठी, भट्टीवरच्या मुलांसाठी निघाला काय? निघाला असता तर आज आपलेच लोक "निकाल दाखवा" म्हणून ओरडले नसते. हक्काचा पगार घेणाऱ्याने हक्काचे शिक्षण दिले नाही, तर त्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरायला समाज येणार नाही.

नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली, ज्या वर्षी जोतीरावांनी हंटर आयोगाला निवेदन दिले त्याच वर्षी, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला. सम्राट अशोकाच्या लेखांचे तुकडे या मातीत सापडले आहेत. त्यातला नववा लेख सांगतो की, लोक नाना तऱ्हेचे विधी करतात, पण खरा विधी म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे आणि गुरुजनांचा आदर करणे. सेवकाचा न्याय आणि गुरूचा मान या दोन गोष्टी त्या लेखात शेजारी शेजारी आहेत. आपल्याला त्या दोन्ही एकत्रच मागाव्या लागतील.

त्यासाठी वाट पाहण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शासकीय आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या जागा महिलांच्या असल्या पाहिजेत आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. वसई-विरारमधल्या किती समित्यांवर आपले कार्यकर्ते आहेत? प्रत्येक विहाराने आपल्या भागातली एक शाळा घ्यावी. तिथे मंजूर पदे किती, भरलेली किती, जूनमध्ये पटावर किती मुले होती आणि एप्रिलमध्ये किती उरली, शिक्षकांचे किती दिवस बाहेरच्या कामात गेले, एवढे चार आकडे माहितीच्या अधिकारात मागावेत आणि विहाराच्या फळ्यावर लिहावेत. उद्या शासन निकालावर पगाराची योजना घेऊन आले, तर हे चार आकडे त्याच्यासमोर ठेवता येतील. गुरुजींच्या कामगिरीचा हिशेब आपण जरूर घेऊ, पण त्याआधी शासनाच्या कामगिरीचा हिशेब त्याच फळ्यावर लागला पाहिजे.